प्रकाशाची नोंदवही : डॉ. शार्लट मूर-सिटर्ली यांचे जीवन



मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या आगमनाच्या जुन्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी तेथे जाऊन पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा शोधून काढला आहे. त्या वह्या ज्या कारकुनांनी लिहिल्या, त्यांची नावे आज कोणाच्याही तोंडी नाहीत. परंतु ज्याने नीट विचारून अक्षर काढले, त्याच्यामुळे एखाद्या घराला आपले मूळ सापडते. आणि ज्याने घाईघाईने काहीतरी खरडले, त्याच्यामुळे दुसरे घर आपले गाव कोणते या शंकेतच राहते. नोंद ही अशी गोष्ट आहे. लिहिणाऱ्याला लोक विसरतात, पण नोंदीवाचून कोणाचेच चालत नाही.

आज आम्ही ज्या बाईंचे चरित्र सांगणार आहोत, त्यांनी अशाच नोंदी लिहिण्यात आपल्या आयुष्याची सत्तर वर्षे घालविली. मात्र त्यांच्या वहीत माणसांची नावे नव्हती. सूर्याच्या व ताऱ्यांच्या प्रकाशात ज्या रेषा दिसतात, त्यांची नावे, कुळे आणि ठिकाणे त्या वहीत होती. खगोलशास्त्राच्या जगात डॉ. शार्लट मूर-सिटर्ली हे नाव सर्वतोमुखी आहे. त्या जगाबाहेर ते फारसे पोहोचले नाही, म्हणूनच त्यांची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रकाशातील रेषा म्हणजे काय?

क्यूरपीपला पावसाची सर येऊन गेली आणि ऊन पडले की आकाशात इंद्रधनुष्य उमटते. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग दडलेले असतात, हे त्यावरून कळते. काचेच्या लोलकातूनही तसाच रंगांचा पट्टा मिळतो. त्याला वर्णपट म्हणतात. जर्मनीतील फ्राउनहोफर याने १८१४ च्या सुमारास सूर्याचा वर्णपट बारकाईने पाहिला, तेव्हा त्याला रंगांच्या मधूनमधून शेकडो काळ्या रेषा दिसल्या. पुढे १८५९ मध्ये बुन्सेन आणि किर्खहोफ या दोघांनी सिद्ध केले की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात आणि एकाच्या रेषा दुसऱ्यासारख्या नसतात.

याचा पुरावा प्रत्येक गृहिणीने स्वयंपाकघरात पाहिलेला आहे. भाताला ऊत येऊन मिठाचे पाणी गॅसच्या निळ्या ज्योतीवर सांडले की ज्योत क्षणभर पिवळी होते. हा पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. सूर्यातही सोडियम आहे हे माणसाला कळले, ते याच पिवळ्या जागेवरच्या दोन रेषांमुळे. सूर्यावर कोणी गेले नाही, तेथली चिमूटभर राख कोणी आणली नाही. तरी तेथे काय आहे ते कळते. पण त्यासाठी एक अट आहे. कोणती रेषा कोणाची, याची यादी आधी हाताशी पाहिजे.

यादीत नसलेली रेषा दिसली तर काय होते, याचीही एक गोष्ट आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याची छाया आपल्या पूर्वजांच्या कोकण किनाऱ्यावरून विजापूर आणि गुंटूरमार्गे मच्छलीपट्टणकडे गेली. त्या वर्षी सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमची नव्हती आणि पृथ्वीवरच्या कोणत्याच ज्ञात द्रव्याशी जुळत नव्हती. इंग्लंडमधील लॉकियर याने तिला नव्या मूलद्रव्याची रेषा मानले आणि सूर्यावरून हीलियम हे नाव पडले. पृथ्वीवर हीलियम हाती लागायला १८९५ साल उजाडले.

बालपण आणि शिक्षण

शार्लट एमा मूर हिचा जन्म २४ सप्टेंबर १८९८ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात अर्सिल्डून नावाच्या लहान गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे, म्हणजे साधी राहणी आणि शिक्षणाची आवड. वडील त्या परगण्यातील शाळांचे अधीक्षक होते आणि आईही शिक्षिका होती. मुलीने शिकावे यासाठी तिला घरात कोणाशी भांडावे लागले नाही. पैशाची मात्र तंगी होती. स्वार्थमोर कॉलेजात शिकत असताना फी भरण्यासाठी ती बदली शिक्षिका म्हणून काम करी. १९२० मध्ये गणित विषय घेऊन ती पदवीधर झाली.

त्या काळी गणित शिकलेल्या मुलीपुढे शाळेत शिकविण्याखेरीज दुसरी वाट सहसा नसे. तेवढ्यात कॉलेजातील प्राध्यापक मिलर यांनी तिचे नाव प्रिन्स्टन विद्यापीठाच्या वेधशाळेला सुचविले. तेथे हेन्री नॉरिस रसेल नावाचे मोठे ज्योतिर्विद होते. त्यांना आकडेमोड करण्यासाठी मदतनीस हवा होता. अशा मदतनिसाला तेव्हा कॉम्प्युटर म्हणत. आज त्या नावाचे यंत्र घरोघरी आहे. तेव्हा ते माणसाच्या हुद्द्याचे नाव होते आणि वेधशाळांतून हा हुद्दा बहुधा बायकांकडे असे. काम अवघड, पगार थोडा आणि शोधावर नाव प्राध्यापकांचे.

रसेल यांच्या हाताखाली

पहिले काम चंद्राचे होते. आकाशाच्या छायाचित्रांवरून चंद्राचे नेमके स्थान गणिताने काढावयाचे. थोड्याच दिवसांत रसेल यांचे लक्ष वर्णपटाकडे वळले, आणि त्याला कारण झाले आपल्या हिंदुस्थानातील एक तरुण शास्त्रज्ञ, मेघनाद साहा. साहांनी १९२० मध्ये दाखवून दिले की प्रचंड उष्णतेत अणूतील इलेक्ट्रॉन सुटून जातात, अणूचा आयन बनतो आणि त्याच्या रेषाही बदलतात. म्हणून एखादी रेषा किती ठळक दिसते, यावरून ताऱ्याचे तापमान काढता येते. सूर्यावरील डाग भोवतालच्या भागापेक्षा थंड असतात, तेव्हा तेथे रुबिडियमच्या रेषा दिसल्या पाहिजेत, असेही साहांनी सांगितले होते. रसेल यांनी शोध घेतला आणि रेषा खरोखरच सापडल्या.

आता कामाला तोंड फुटले. सूर्याच्या हजारो रेषांपैकी कोणती कोणत्या अणूची आणि कोणती त्याच्या आयनाची, हे ठरविल्याशिवाय पुढे जाता येईना. त्याच सुमारास स्पेनच्या कातालान या शास्त्रज्ञाने दाखविले की एका अणूच्या रेषा विस्कळीत नसतात, त्यांची कुटुंबे असतात. अशा कुटुंबाला मल्टिप्लेट म्हणतात. भावंडांपैकी दोघे-तिघे ओळखले की बाकीची कोठे असतील ते हिशेबाने काढता येते. शार्लटबाईंना या कामाची गोडी लागली आणि ती जन्मभर सुटली नाही.

परंतु पाच वर्षांच्या श्रमाने त्यांची प्रकृती खालावली. १९२५ मध्ये त्या रजा घेऊन कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत गेल्या. विश्रांती म्हणून गेल्या, पण तेथेही हाती वर्णपटच घेतला. अमेरिकेतील रोलंड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूर्याच्या सुमारे वीस हजार रेषांचे कोष्टक छापले होते. ते पुन्हा तपासून सुधारण्याचे काम तेथे चालू होते. हे सुधारलेले कोष्टक १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर इतरांबरोबर शार्लटबाईंचेही नाव होते. गणक म्हणून आलेली मुलगी आता ग्रंथकर्ती झाली होती.

पदवीसाठी हजारो मैल

डॉक्टरेट मिळवावी असे त्यांच्या मनात होते. ज्या प्रिन्स्टनसाठी त्यांनी इतकी वर्षे खस्ता खाल्ल्या, तेथे तो प्रश्नच नव्हता. ते विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. उच्च शिक्षणासाठी पूर्णवेळ विद्यार्थिनी म्हणून पहिल्या स्त्रीला तेथे प्रवेश मिळाला तो १९६१ मध्ये. म्हणून शार्लटबाई देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेल्या आणि १९३१ मध्ये डॉक्टर झाल्या. आश्चर्य असे की त्या पुन्हा प्रिन्स्टनलाच परतल्या. ज्या खोलीत पदवी मिळत नव्हती, त्याच खोलीत बसून त्यांनी आपले काम पुढे नेले. त्यांच्या मनात राग आला असेल तर तो त्यांनी कामात जिरविला, असे आम्हांस वाटते.

१९३३ मध्ये त्यांचे मल्टिप्लेट कोष्टक निघाले आणि १९४५ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. ज्योतिषाला ज्योतिषगणितासाठी जसे पंचांग, तसे हे पुस्तक जगातील प्रत्येक वेधशाळेत टेबलावर असे. त्यातील कुटुंबांचे क्रमांक ज्योतिर्विदांच्या तोंडी बसले. १९३७ मध्ये अमेरिकेतील ज्योतिर्विदांच्या संस्थेने त्यांना ॲनी कॅनन पारितोषिक दिले. त्याच वर्षी प्रिन्स्टनमध्ये ओळख झालेल्या बॅन्क्रॉफ्ट सिटर्ली या शास्त्रज्ञाशी त्यांचा विवाह झाला. विवाहानंतरही लेखांवर त्या माहेरचेच नाव घालीत, कारण कोष्टकांच्या वाचकांना तेच नाव परिचयाचे होते.

तीन खंड आणि एक रिकामी जागा

१९४५ मध्ये शार्लटबाई वॉशिंग्टन येथील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रुजू झाल्या. वजने-मापे ठरविणारी ही संस्था. वर्णपट विभागाचे प्रमुख होते विल्यम मेगर्स. तेथे त्यांनी आयुष्यातले सर्वांत मोठे काम हाती घेतले. ते म्हणजे प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूच्या आणि आयनांच्या ऊर्जा पातळ्यांची एकत्र नोंद.

ऊर्जा पातळी म्हणजे अणूच्या जिन्याची पायरी. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आला की ठरावीक रंगाचा प्रकाश बाहेर पडतो, तीच रेषा. पायऱ्या कळल्या की सगळ्या रेषा कळल्या. ही माहिती देशोदेशींच्या मासिकांत विखुरलेली होती. कोणाचे माप ढोबळ, कोणाच्या काचेत दोष, तर कोणी एका द्रव्याची रेषा दुसऱ्याच्या नावावर घातलेली. शार्लटबाई प्रत्येक लेख वाचत आणि आकडे ताडून पाहत. शंका आली की त्या मापन करणाऱ्यालाच पत्र लिहीत आणि नवे माप हवे असेल तर तशी विनंती करीत. खात्री पटल्यावरच आकडा कोष्टकात जाई.

पहिला खंड १९४९ मध्ये निघाला. त्यात हायड्रोजनपासून व्हॅनेडियमपर्यंतची मूलद्रव्ये होती. दुसरा १९५२ मध्ये क्रोमियमपासून नायोबियमपर्यंत. तिसरा १९५८ मध्ये आला. तो मॉलिब्डेनमपासून निघून ५७ व्या क्रमांकाच्या लँथॅनमपर्यंत येतो आणि मग एकदम ७२ व्या क्रमांकाच्या हाफ्नियमवर उडी मारतो. मधली चौदा मूलद्रव्ये त्यात नाहीत. हीच ती विरल मृत्तिका मूलद्रव्ये.

ही मंडळी नावाइतकी दुर्मिळ नाहीत. जुन्या काळी लग्नात आणि गणपतीच्या मिरवणुकीत जी गॅसबत्ती जळे, तिच्या पांढऱ्या जाळीत थोरियमबरोबर थोडेसे सिरियम असे. सिगारेट पेटविण्याच्या लायटरच्या गारगोटीत सिरियम असते, रंगीत दूरदर्शनच्या जुन्या पडद्यावरचा तांबडा रंग युरोपियमचा, आणि बळकट लोहचुंबकात निओडिमियम असते. पण ही सारी भावंडे रासायनिक गुणांनी एकमेकांसारखी, जुळ्यांप्रमाणे. त्यांना वेगळे करणे महाकर्मकठीण. नमुना शुद्ध नसला की एकाच्या वर्णपटात दुसऱ्याच्या रेषा घुसतात.

शुद्ध नमुना मिळाला तरी संकट टळत नाही. सोडियमचा एकच इलेक्ट्रॉन बाहेर असतो, म्हणून त्याचा वर्णपट साधा. विरल मृत्तिकांच्या अणूत आतल्या एका कवचात चौदा जागा असतात आणि त्या हळूहळू भरत जातात. चौदा जागांवर सात इलेक्ट्रॉन बसवावयाचे झाले तर ते ३,४३२ प्रकारे बसू शकतात. त्यात बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची भर पडली की पायऱ्यांची संख्या भराभर वाढते आणि रेषा हजारोंनी मोजाव्या लागतात. रसेल, मेगर्स आणि इतरांनी यांपैकी काहींचा उलगडा थोडाथोडा केलेला होता. परंतु जे हाती होते ते अपुरे होते.

शार्लटबाईंना ते अपुरे आकडे छापून पुस्तक पूर्ण झाल्याचे समाधान मिळविता आले असते. त्यांनी तसे केले नाही. ती जागा त्यांनी चौथ्या खंडासाठी राखून ठेवली. वह्या पाहणाऱ्या आपल्या लोकांना याचे मोल सहज कळेल. कोरी जागा माणसाला शोधावयास लावते, पण चुकीची नोंद त्याला भलत्याच गावी नेऊन सोडते.

चौथा खंड

युद्धानंतर अमेरिकेतील एम्स येथे स्पेडिंग यांच्या प्रयोगशाळेत विरल मृत्तिका वेगळ्या करण्याची नवी रीत निघाली आणि शुद्ध नमुने मिळू लागले. शिकागोजवळची आरगॉन प्रयोगशाळा, फ्रान्समधील ओर्से येथील एमे कोतॉं प्रयोगशाळा आणि इतर ठिकाणचे शास्त्रज्ञ कामाला लागले. प्रबळ लोहचुंबकात अणू ठेवला की एकेक रेषा फुटून तिच्या अनेक रेषा होतात आणि ती कोणत्या पायरीवरून आली हे कळते. या युक्तीने कित्येक गाठी सुटल्या. अखेर १९७८ मध्ये, तिसऱ्या खंडानंतर वीस वर्षांनी, विरल मृत्तिकांचा स्वतंत्र ग्रंथ त्याच संस्थेतून बाहेर पडला. त्यावर मार्टिन, झालुबास आणि हेगन या तिघांची नावे होती. शार्लटबाईंचे नाव ग्रंथकर्त्यांत नव्हते. पण रिकामी ठेवलेली जागा त्यांच्या डोळ्यांदेखत भरली गेली. त्या वेळी त्या ऐंशी वर्षांच्या होत्या.

एक फसलेला अंदाज

थोरांच्या चरित्रात त्यांच्या चुकाही सांगाव्यात असे आमचे मत आहे. टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ मध्ये कृत्रिम रीतीने मिळाले. ते किरणोत्सर्गी असून हळूहळू नाहीसे होते. १९५१ मध्ये शार्लटबाईंनी सूर्याच्या प्रकाशात त्याची खूण दिसत असल्याचे प्रसिद्ध केले. पुढील तपासात ती गोष्ट टिकली नाही. मात्र १९५२ मध्ये पॉल मेरिल यांनी काही तांबड्या ताऱ्यांत टेक्नेशियम निश्चितपणे दाखविले. ताऱ्यांच्या पोटात नवी मूलद्रव्ये तयार होतात याचा तो मोठा पुरावा ठरला. शार्लटबाईंचा अंदाज सूर्याच्या बाबतीत चुकला, पण शोधाची दिशा चुकली नव्हती.

अखेरपर्यंत काम

महायुद्धात जर्मनांनी बनविलेली व्ही-२ अग्निबाण अमेरिकेच्या हाती लागली होती. १९४६ मध्ये तशाच एका अग्निबाणातून सूर्याचा जंबुपार वर्णपट प्रथम टिपण्यात आला. हा प्रकाश आपल्या वातावरणातून खाली येतच नाही. त्या नव्या रेषा ओळखण्यासाठी नौदलाच्या शास्त्रज्ञांनी शार्लटबाईंची मदत घेतली. १९६६ मध्ये हॉलंडच्या मिनार्ट आणि हाउटगास्ट यांच्यासह त्यांनी सूर्यरेषांचे कोष्टक दुसऱ्यांदा सुधारून छापले. त्यात सुमारे चोवीस हजार रेषा आहेत.

१९४९ मध्ये इंग्लंडच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांचा सन्मान केला. १९६१ मध्ये अमेरिकन सरकारने आपल्या सेवेतील कर्तबगार स्त्रियांसाठी पुरस्कार सुरू केला. पहिल्याच वर्षीच्या सहा मानकरी स्त्रियांत त्या होत्या. एका लघुग्रहालाही त्यांचे नाव दिलेले आहे. १९६८ मध्ये नियमाप्रमाणे निवृत्ती आली, पण काम थांबले नाही. ३ मार्च १९९० रोजी एक्क्याण्णव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीचे ब्रूस पदक, जे ज्योतिर्विदांत फार मानाचे समजले जाते, त्यांच्या नावे जाहीर झाले.

त्यांच्या वहीचे आज काय झाले?

छापील खंडांची जागा आता संगणकातील माहितीकोशाने घेतली आहे. शार्लटबाईंची संस्था १९८८ पासून नवे नाव धारण करून आहे आणि तिचा अणुवर्णपटाचा कोश कोणालाही घरबसल्या पाहता येतो. बेल्जियममधील मॉन्स विद्यापीठाने केवळ विरल मृत्तिकांच्या अणू-आयनांसाठी वेगळा कोश तयार केला असून त्याचे नाव ड्रीम असे आहे. पायऱ्यांच्या जागा ठाऊक असल्या तरी प्रत्येक रेषा किती जोराची हे ठाऊक असावे लागते. त्याशिवाय ताऱ्यात द्रव्य किती, याचा हिशेब होत नाही. तो हिशेब या कोशामुळे करता येतो.

याची गरज किती मोठी आहे हे १७ ऑगस्ट २०१७ रोजी दिसून आले. सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षे दूर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची खबर गुरुत्वीय लहरींनी दिली आणि त्यांचा प्रकाशही दुर्बिणींनी टिपला. तो प्रकाश पहिल्यांदा निळसर होता व थोड्याच दिवसांत तांबडा होत गेला. विरल मृत्तिकांच्या असंख्य रेषा निळा प्रकाश अडवून धरतात, म्हणून तसे घडते. २०२२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्या प्रकाशात लँथॅनम आणि सिरियम यांच्या खुणा ओळखल्या. म्हणजे आपल्या गॅसबत्तीच्या जाळीतले सिरियम कोठून आले असावे, या प्रश्नाचे उत्तर आता मिळू लागले आहे. विरल मृत्तिकांच्या सर्व आयनांच्या नोंदी अजून पूर्ण नाहीत. नव्या पिढीचे लोक त्या पूर्ण करीत आहेत.

वाचकहो, शार्लटबाईंनी नवा ग्रह शोधला नाही की नवा सिद्धांत मांडला नाही. त्यांनी नोंद ठेवली आणि ती खरी ठेवली. आपल्या घरातील मुलींना हे चरित्र अवश्य वाचून दाखवावे, अशी आमची विनंती आहे. गणिताची आवड असलेल्या मुलीला कोणी एक दार बंद केले, तर दुसऱ्या दाराने आत जाऊन तीच विद्या पुढे नेता येते, हे तिला त्यातून कळेल. आणि पुढच्या वेळी मोकाला जाऊन पणजोबांची ओळ वाचाल, तेव्हा ती लिहिणाऱ्या अनामिक हाताचीही क्षणभर आठवण करावी.